साक्षीचं पाणी

मी एक बर्फपेटी बोलतेय. अंग निळं, झाकण पांढरं, एक कडी शाबूत आणि दुसरी तारेने आवळलेली. माझ्यासारख्या पेट्या ढिगाने मिळतात, तेव्हा माझं चरित्र ऐकायला कोणी खोळंबलंय असा माझा गैरसमज नाही. पण मी मासळीबाजारात वाढले. पाठ फिरवून निघालेल्या गिऱ्हाइकाला चार गोष्टी सांगून परत वळवायची सवय हाडात मुरली आहे. हाडं नाहीत मला, दोन भिंतींच्या मध्ये फेस आहे. तर फेसात मुरली आहे म्हणा.

आम्हा पेट्यांना स्वतःचं मत नसतं. आत थंड ठेवाल तर थंड राखू, गरम ठेवाल तर गरम. एखाद्या मंत्र्याच्या पदरी असते तर फार वर चढले असते. पण माझ्या नशिबी किसुमू शहराचा तळ्याकाठ आला आणि अतोतीबाई आल्या.

अतोतीबाईंनी मला विकत घेतलं तो दिवस मला आठवतो. दुकानात येऊन त्यांनी आधी माझ्या बुडावर बुक्की मारली.

"ही पेटी आहे की टोपली?"

"काकू, तुमच्या नातवंडांना पुरेल ही," दुकानदार म्हणाला.

"नातवंडांचं मी बघेन. तू झाकणाचं बोल. हे असं लुळं का पडतंय?"

झाकणाच्या नावाने त्यांनी इतका कमीपणा दिला मला, की दुकानदारालाच माझी लाज वाटायला लागली. मग मी त्यांच्या डोक्यावर बसून बाजारात आले. पुढची बरीच वर्षं माझ्या पोटात बर्फ आणि तळ्यातली मासळी, न्गेगे आणि म्बुता. म्बुता म्हणजे एवढा मोठा मासा की त्याचं शेपूट माझ्याबाहेरच राही.

एक खानावळवाला रोज यायचा. वरचा मासा कधी घ्यायचा नाही. "वरचा दाखवायचा असतो, खालचा खरा असतो, मला शिकवू नका," म्हणत कोपरापर्यंत हात घालायचा आणि तळाचा उपसून काढायचा. अतोतीबाईंनी ते ओळखलं. आजचा मासा वर आणि कालचा खाली, अशी मांडणी त्याच्यासाठी सुरू झाली. तो कालचा मासा घेऊन हसत जायचा. माणसाने खोल हात घातला की हाताला लागेल ते त्याला खरं वाटतं. धंदा यावरच चालतो.

अतोतीबाईंची एक भाची होती, अकेयो. विद्यापीठात जीवशास्त्र शिकायची. ती एक दिवस गाळ्यावर आली.

"मावशी, तुझी एक पेटी दे ना."

"का? मासे विकणार? मग एवढं शिकलीस कशाला? इथेच बसायचं होतंस पहिल्यापासून."

"मासे नाही गं. जंतूंचा अर्क न्यायचाय, युगांडात."

"जंतूंचा अर्क?"

"जंतू वाढवायचे, मग फोडायचे. आतलं सगळं बाहेर येतं, तो अर्क."

अतोतीबाई हसून हसून मागच्या बाईच्या अंगावर पडल्या. "अगं, ऐकलंस का? ही तिकडे जंतू फोडते, मी इथे मासे फोडते. एकच दुकान आपलं! आणि तुमच्या एवढ्या मोठ्या विद्यापीठात पेटी नाही?"

"आहे. भांडारात आहे, भांडाराला कुलूप आहे, आणि किल्ली घेऊन साहेब गावी गेलेत."

"मग ने ही. पण घासून परत आण. नाहीतर माझ्या माशांना जंतूंचा वास यायचा."

झालं उलटंच. प्रयोगशाळेत त्यांनी मला साबणाने धुतलं, स्पिरिटने पुसलं, उन्हात उलटं टांगलं, तरी माझा माशांचा वास जाईना. ओदिपो नावाचा मुलगा त्यांच्या टीमचा म्होरक्या होता. बोलण्यात साखर, अंगात इस्त्रीचा सदरा. तो माझ्यात डोकं घालून म्हणाला, "जंतू आधीच फोडलेत ते बरं. नाहीतर या वासानेच गेले असते बिचारे."

आता त्यांच्या कामाचं सांगते. मला जेवढं कळलं तेवढंच. कृत्रिम जीवशास्त्र म्हणून एक विद्या आहे. सजीवांच्या आतले हुकूम वाचायचे, हवे ते उचलायचे, एकाला दुसरा जोडायचा आणि नवीन काम करून घ्यायचं. या विद्येची दर वर्षी परदेशात मोठी जत्रा भरते. जगभरातून विद्यार्थ्यांच्या टीम येतात, आपापली करामत मांडतात, परीक्षक पदकं देतात. प्रत्येक टीमचं इंटरनेटवर एक पान असतं. ठरलेल्या दिवशी त्या पानाला कुलूप लागतं, मग त्यातला काना-मात्रा कोणाला हलवता येत नाही. आणि एक रिवाज असा की एकट्याने केलेलं काम तिथे अर्धवट मानतात. दुसऱ्या टीमशी हात मिळवावा लागतो. हात मिळवल्याचा पुरावाही द्यावा लागतो. पुरावा म्हणजे फोटो.

ओदिपोला पदक हवं होतं. त्यात गैर काही नाही, व्यापाऱ्याला नफा हवा तसंच ते. पण अकेयोला दुसरंच काही हवं होतं. तिला एका विहिरीबद्दल जाणून घ्यायचं होतं.

ती विहीर कोम्बेरा गावातली. अकेयो मूळची तिथलीच, आणि तिची मोठी बहीण अपोंदी अजून तिथेच राहायची. कोम्बेराच्या जमिनीत सोनं आहे. फार नाही, माणसाला वेड लावण्यापुरतं. लोक खड्ड्यातून दगड काढतात, कुटतात, धुतात, आणि त्या चिखलात पारा घालून उघड्या हाताने मळतात. पारा सोन्याला धरतो. मग तो गोळा विस्तवावर ठेवायचा, पारा उडून जातो, सोनं उरतं. उडून जातो म्हणजे कुठे जातो, हे कोणी विचारत नाही. धुण्याची डबकी वरच्या अंगाला होती आणि विहीर खालच्या.

अपोंदीला दिवस गेले होते. आधी दोनदा तिची कूस रिकामी झाली होती. या खेपेला तिने पारा मळणं सोडलं, आणि विहिरीचं पाणीही सोडलं. डोंगराच्या झऱ्यावरून पिवळा जेरीकॅन डोक्यावर घेऊन रोज यायची. पोट पुढे, पाणी वर. बहिणीचं ते चालणं अकेयोने सुट्टीत पाहिलं आणि प्रयोगशाळेत येऊन म्हणाली, विहिरीत पारा आहे की नाही, हे गावातल्या गावात सांगता येईल अशी चाचणी करूया.

एकट्याने होण्यासारखं ते नव्हतं. सीमेपलीकडे युगांडात कागोया नावाची मुलगी होती, तिच्या टीमशी हात मिळवला. कागोयाच्या टीमने हुकूम लिहिला: पारा दिसला तर जांभळा रंग कर. अकेयोच्या टीमने कारागीर दिले, म्हणजे तो अर्क. हुकूम आणि कारागीर एकत्र करून बटणाएवढ्या कागदी चकत्यांवर टाकायचे आणि यंत्रात घालून कोरडे ठाक करायचे. तसं यंत्र कागोयाकडे होतं. कोरडी चकती झोपलेली असते. तिच्यावर पाण्याचा थेंब पडला की ती जागी होते. पाण्यात पारा असेल तर जांभळी होते, नसेल तर पांढरी राहते. आणि ती जागते एकदाच. दमट हवेनेही तिची झोप मोडते. मग ती उगाचच जागते, कारागीर काम नसताना दमतात, आणि चकती मरते.

इथे कान देऊन ऐका. जिवंत चकतीला पारा सापडला नाही तर ती पांढरी. मेलेल्या चकतीला काहीच सापडत नाही, म्हणून तीही पांढरी. दोघी शेजारी ठेवल्या तर त्यांच्या आईलाही ओळखू येणार नाहीत.

म्हणून त्या मुलांनी एक नियम केला होता. मुद्दाम पारा घातलेल्या पाण्याची एक बाटली ठेवायची. तिला ती मुलं साक्षीचं पाणी म्हणायची. चकत्या वापरायच्या आधी एक चकती त्या पाण्यात बुडवायची. ती जांभळी झाली तरच बाकीच्यांचं ऐकायचं. नियम उत्तम होता. मी बाजारात इतकी वर्षं काढली, पण तराजूची इतकी चोख परीक्षा घेणारा माणूस पाहिला नाही.

अर्क पोटात घेऊन मी युगांडात गेले. बरोबर अकेयो आणि ओदिपो. कागोया उंच, सावकाश बोलणारी, पण जीभ मिरचीची. जेवायला केळ्याचं मऊ माटोके आलं तेव्हा ओदिपो म्हणाला, "रोज केळी खाऊन तुमचे दात रिकामे बसत असतील, नाही?"

"बसतात ना," कागोया म्हणाली. "म्हणून तर बोलायला सवड मिळते. तुमची मक्याच्या पिठाची उगाली घशाला चिकटते, मग हातवारे करत बसता."

"पण हातवाऱ्यांचे फोटो चांगले येतात."

"ते तर दिसतंच आहे. आल्यापासून तू अर्काकडे कमी आणि फोनकडे जास्त बघतोयस."

सगळे हसले. मीही हसले असते. चकत्या तयार झाल्या, कागोयाने साक्षीच्या पाण्यात एक बुडवली, आणि ती हळूहळू जांभळी झाली. जांभूळ खाल्लेल्या पोराची जीभ असते ना, तशी. अकेयो टेबलाला धरून उभी होती. तिने कागोयाला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची घटका विचाराल तर ती.

चकत्या चांदीसारख्या कागदाच्या पाकिटांत बंद झाल्या, आत ओलावा शोषणारे मणी टाकले, आणि पाकिटं माझ्यात बर्फावर ठेवली. साक्षीचं पाणी मात्र तिथेच राहिलं. विषाची बाटली सीमेपार नेता येत नाही. किसुमूला पोचल्यावर अकेयोच्या टीमने आपली बाटली बनवायची, असं ठरलं. ठरलं म्हणजे जेवता जेवता कोणीतरी म्हणालं आणि कोणीतरी मान हलवली.

कागोया सीमेपर्यंत पोचवायला आली. ट्रकांची रांग लागली होती, ऊन तापलं होतं, तळ्यावरून चिकट हवा येत होती. तिथे ओदिपोला आठवलं की हात मिळवल्याचा फोटो राहिलाच.

"इथे? या धुळीत?" कागोया म्हणाली.

"इथेच तर! दोन देशांची सीमा, मध्ये ही पेटी, दोन हात. परीक्षक रडतील बघ."

"पाकीट हातात धरते, काढ."

"पाकिटात काय आहे ते कसं कळणार? चकत्या दिसल्या पाहिजेत. उघड एक. बरं, सगळीच उघड, बर्फावर मांडूया, छान दिसतील."

"ओलावा लागेल, ओदिपो."

"एक फोटो गं. डोळ्याची पापणी लवेपर्यंत होईल."

माझं झाकण उघडलं. थंड बर्फावर गरम दमट हवा आली की काय होतं हे कोळणीला विचारा. धुकं धरतं. त्या धुक्यात चकत्या मांडल्या गेल्या. पहिल्या फोटोत कागोया हसत नव्हती. दुसऱ्यात मागून ट्रक आला. तिसऱ्यात अकेयोचे डोळे मिटले. मग दोन झेंडे आणायला कोणी पळालं. मला तोंड असतं तर मी तेव्हाच बोंब ठोकली असती. शेवटी कागोयाने स्वतःच चकत्या गोळा केल्या, पाकिटात भरल्या, चिमटे लावले.

"गेल्या गेल्या बघून घ्या," ती म्हणाली.

"तू तपासल्यास म्हणजे झालंच की," ओदिपो म्हणाला. तो ते प्रेमाने म्हणाला होता.

किसुमूला पोचलो तर पानाला कुलूप लागायचा दिवस उंबरठ्यावर येऊन बसलेला. अकेयो म्हणाली, "साक्षीचं पाणी बनवू आधी."

ओदिपो पान भरत बसला होता. "कशाला? जांभळी झाली ती आपण तिघांनी डोळ्यांनी पाहिली ना? आता परत तपासलं आणि कागोयाला कळलं तर तिला काय वाटेल? आमच्यावर विश्वास नाही असंच ना? भागीदारी आहे बाई ही."

अकेयोला कागोयाची मिठी आठवली असणार. "बरं," म्हणाली.

तिकडे कागोया समजून होती की इकडे तपासलं. इकडे हे समजून होते की तिकडे तपासलं. आपल्याकडे म्हण आहे ना, दोन घरचा पाहुणा उपाशी. तळ्याकाठी दोन गाळेवाल्यांनी मिळून एक राखणदार ठेवला होता. जेवण एकाने द्यायचं की दुसऱ्याने, हे दोघांनीही विचारलं नाही, कारण विचारणं कंजूसपणाचं दिसलं असतं. राखणदार काही दिवस उपाशी राहिला, आणि मग दोघांचीही सुकी ओमेना मासळी पोत्यासकट घेऊन गेला. त्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिथे निदान मासळीवर भागलं.

आम्ही कोम्बेराला गेलो. अपोंदी दारातच उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"आलीस? आधी जेव, मग काढ तुझी बटणं."

"ताई, आधी विहीर."

"विहीर कुठे पळते? पळाली असती डोंगराकडे, तर माझी पायपीट तरी वाचली असती."

"तीच थांबवायला आलोय आम्ही," ओदिपो म्हणाला.

आधी धुण्याच्या डबक्याजवळच्या ओढ्याचं पाणी घेतलं. ते इतकं लाल की चकतीवर चिखलच दिसला. "यात रंग कसला कळणार?" म्हणून ती बाजूला ठेवली. मग विहिरीचं पाणी. अख्खं गाव माझ्याभोवती वाकलं होतं. चकती पांढरी. थांबले. पांढरीच. दुसरी लावली, तीही पांढरी. खाणीवरच्या माणसांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. एक म्हातारा म्हणाला, "सांगत होतो मी! उगाच आमच्या पाऱ्याला शिव्या."

अपोंदी तेवढी हसली नाही. तिने बहिणीचा दंड धरला आणि बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग. मी पिऊ?"

अकेयोने पांढऱ्या चकतीकडे पाहिलं. ती उचलून उजेडात धरली, उलटी करून पाहिली. पण समोर बहिणीचे सुजलेले पाय होते.

"पी, ताई," ती म्हणाली.

अपोंदीने पिवळा जेरीकॅन भिंतीशी पालथा घातला आणि तिथेच त्यावर बसली. "आई गं," म्हणाली, एवढंच. कितीतरी दिवसांनी बसल्यासारखी बसली.

पानावर छापून आलं: दोन देशांच्या दोन टीमनी तपासलेली चाचणी, कोम्बेराची विहीर स्वच्छ. खाली सीमेवरचा फोटो. मग कुलूप लागलं.

राहिलेलं एक पाकीट फेरतपासणीसाठी कागोयाकडे पाठवायचं, हाही कराराचाच भाग होता. पण जत्रेची लगबग, कागदपत्रं, विमानाची गडबड, यात मी पाकिटासकट कोपऱ्यात पडून राहिले. आठवडे गेले. शेवटी कोणीतरी मला बसच्या पोटात टाकून पाठवलं. कागोयाने चकती काढली, साक्षीच्या पाण्यात टाकली, आणि चहा ढवळायला लागली. चहा गार झाला. चकती पांढरी. तिने बाटली बदलली, दुसरी चकती घेतली. पांढरी. मग तिने फोन लावला आणि माझ्या झाकणावर ठेवला.

"अकेयो, तुमच्याकडे साक्षीची चकती जांभळी झाली होती ना?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अकेयो?"

"आम्ही लावलीच नाही."

"नाही म्हणजे?"

"तू लावली होतीस ना."

"इथे लावली होती! निघायच्या आधी! त्यानंतर तुम्ही रस्त्यात दुकान मांडलंत चकत्यांचं!" कागोया तिथेच थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "मांडलं आपण. मीही हात पुढे केला होता."

"ताई ते पाणी पितेय," अकेयो म्हणाली. "कागोया, ताई रोज ते पाणी पितेय. मी आत्ता फोन करते तिला."

तेवढ्यात तिकडे ओदिपोने तिच्या हातून फोन घेतला. तो दुष्ट नव्हता, हे मी सांगून ठेवते. दुष्ट माणसं माझ्या ओळखीची आहेत, त्यांचा आवाज असा थरथरत नाही.

"थांबा, थांबा. काय सांगणार तिला? चकती मेली म्हणजे विहिरीत पारा आहे असं नाही ना सिद्ध होत? विहीर स्वच्छही असेल. नुसतं घाबरवायचं त्या बाईला, या दिवसांत? नव्या चकत्या करू, नीट तपासू, मग पक्कं काय ते सांगू. शास्त्राने चाला जरा."

शास्त्र हा शब्द ऐकला की ही मुलं गप्प बसतात. देवळात कोणी घंटा वाजवावी तशी. अकेयो म्हणाली, "निदान एवढं तरी सांगू, की आम्हाला माहीत नाही."

"पानावर लिहिलंय आपण स्वच्छ आहे म्हणून. आता काय 'माहीत नाही' सांगणार?"

कागोयाही म्हणाली, "लवकर करू, अकेयो. मी यंत्र आजच मोकळं करून घेते."

अशी तिघांनी मिळून वाट पाहायची ठरवली. नवा अर्क आला, भांडाराची ती सरकारी पेटी एव्हाना मोकळी झाली होती, तिच्यातून. चकत्या वाळल्या. या खेपेला अकेयो आणि कागोया दोघी मला घेऊन निघाल्या. सीमेवर कोणी माझ्या झाकणाला हात लावला नाही. फक्त अकेयोचा फोन वाजला. तिने ऐकला, ठेवला, आणि मला मांडीशी ओढून घेतलं. कागोयाने विचारलं, "कोण होतं?" थोड्या वेळाने माझ्या झाकणावर टपटप पाणी पडायला लागलं, तेव्हा कागोयाने परत विचारलं नाही.

मूल वेळेआधी आलं होतं. रडलं नाही. घरामागे केळीच्या बाजूला त्याला पुरलं होतं. दवाखान्यातली बाई म्हणाली होती, कशाने झालं ते सांगता येणार नाही; पाणी असेल, आधीचा पारा असेल, किंवा काहीच नसेल. अंगणात बायका बसल्या होत्या. अपोंदी भिंतीला टेकून होती आणि तिच्या हाताची बोटं मांडीवर आपोआप हलत होती, दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी.

अकेयोच्याने काही होईना. कागोयाने माझं झाकण उघडलं. वाटेत किसुमूला बनवून घेतलेल्या साक्षीच्या पाण्यात एक चकती बुडवली: जांभळी. विहिरीच्या पाण्यात एक: जांभळी. डोंगराच्या झऱ्याच्या पाण्यात एक: पांढरी. तिघी एका फळीवर मांडून ती मागे सरकली.

खाणीवरचा म्हातारा पुढे आला. "मागे पांढरी होती, आज जांभळी. गिऱ्हाईक बघून रंग बदलते काय तुमची?"

"मागची चकती मेलेली होती, आजोबा," कागोया म्हणाली.

"आणि आजची जिवंत आहे हे कोणी सांगितलं? तुम्हीच ना?" लोक हसले. हसण्यात राग होता. "तेव्हा प्या म्हणालात, आम्ही प्यायलो. आता पिऊ नका म्हणताय. उद्या खड्डे बंद करा म्हणाल. जा बाई, तुमचे फोटो काढा आणि जा."

अपोंदीने मान वर केली. "अकेयो."

"ताई."

"तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"नाही ताई. तेव्हा नव्हतं. मला वाटलं..."

"आणि नंतर? ती मेलेली होती हे कधी कळलं?"

अकेयोने सांगितलं. अपोंदी बोटांकडे बघत राहिली.

"मग तेव्हा फोन करून 'ठाऊक नाही' म्हणायचं होतंस," ती म्हणाली. "मी चालत होतेच की डोंगरापर्यंत. परत चालले असते."

एवढंच ती बोलली. ओरडली नाही. ओरडली असती तर अकेयोला रडता तरी आलं असतं.

जत्रा झाली. ओदिपो गेला होता. अकेयोने त्याला बजावलं होतं, व्यासपीठावर सगळं सांग. त्याने अगदी शेवटी एक वाक्य टाकलं म्हणे, की काही निष्कर्ष पुन्हा तपासायला हवेत. परीक्षकांनी त्याच्या प्रामाणिकपणाला टाळ्या दिल्या. सहकार्याचं पदक दोन्ही टीमना मिळून मिळालं. ते कोणाकडे ठेवायचं याबद्दल त्यांच्यात एक अक्षरही बोलणं झालं नाही. कागोया आणि अकेयो एकमेकींना फोन करतात असं ऐकते, पण त्यात काय बोलतात ते माझ्या झाकणावर फोन नसल्याने मला कळत नाही.

मी मागे राहिले, कोम्बेरातच. अकेयोने मला विहिरीच्या कठड्याशी ठेवलं, बुडात दगड भरले, झाकणावर ती जांभळी चकती पारदर्शक प्लास्टिकखाली चिकटवली, आणि शेजारी मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं: या पाण्यात विष आहे. अक्षरं फार टिकली नाहीत. गावाला नाव पडलं तर खड्डे बंद होतील, म्हणून कोणीतरी विळ्याने खरवडून काढली. चकती मात्र राहू दिली. तिचा अर्थ कोणाला लागत नव्हता, मग तिची भीती कशाला?

अपोंदी रोज डोंगराच्या झऱ्यावर जाते. कधी एखादी पोटुशी बाई तिच्यामागून चालत जाते, बहुतेकदा ती एकटीच. माझ्यासमोरून जाताना ती माझ्याकडे बघत नाही. बाकीच्या बाया विहिरीवर येतात, पाणी शेंदतात आणि भरलेला जेरीकॅन डोक्यावर चढवण्याआधी टेकवायला माझाच ओटा करतात. पाणी माझ्या अंगावरून ओघळतं. मी बर्फ धरलाय, मासे धरलेत, त्या मुलांचा जीव ज्यात अडकला होता त्या चकत्या धरल्यात. हे मला धरता येत नाही.

आणि ऊन इथलं कडक. प्लास्टिकखालची चकती आधी जांभळी होती, मग गुलाबी झाली, आता पांढरी पडली आहे. परवा खड्ड्यावर कामाला आलेल्या एका नव्या जोडप्याने मला पाहिलं. बाईने चकतीवर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" नवरा म्हणाला, "ते शिकलेल्या मुलांनी लावलेलं. पांढरं असलं म्हणजे पाणी चांगलं." ती वाकून ओंजळीने प्यायली.

तेव्हा तुम्ही कधी या बाजूला आलात, तर एक काम करा. कोळसा असेल, खडू असेल, दगडाचं टोक असेल, जे हाताला लागेल त्याने माझ्या झाकणावर ती अक्षरं परत लिहा. खरवडली तर पुन्हा लिहा. मला हात नाहीत.